घरात माता असताना

चिनूच्या पोटावरचा पहिला फोड दीक्षानंच पाहिला. पोर तिच्या मांडीवर बसून उकडलेल्या शेंगा सोलत होती आणि मधेच फ्रॉक वर करून म्हणाली, "काकू, इथं खाजून राहिलं."

बेंबीच्या वर पाण्यानं भरलेला एक फोड, भोवती लालसर कडं. दुसरा काखेत. तिसरा केसांत. अंग चांगलंच गरम. दीक्षानं पोरीला झटक्यात मांडीवरून उतरवलं आणि मग तिला रडूच फुटलं. ही पोर कालपासून तिच्या गळ्यात पडून होती, झोपलीसुद्धा तिच्याच कुशीत. आता उतरवून काय उपयोग?

कोणी म्हणेल, कांजिण्याच ना, त्यात एवढं काय? पोरांना होतात आणि बऱ्याही होतात. खरं आहे. पण दीक्षाची गोष्ट वेगळी होती. तिला लुपस होता. म्हणजे अंगातले पहारेकरी चोर सोडून घरच्याच माणसांना बदडायला लागतात, असा तो आजार. कधी सांधे सुजवायचे, कधी चेहऱ्यावर लाल चट्टे उठवायचे, एकदा तर थेट किडनीवर गेले होते. या पहारेकऱ्यांना गुंगीत ठेवायला रोजच्या गोळ्या. आणि पहारेकरी गुंगीत म्हटल्यावर खरा चोर आला तर दार सताड उघडं. त्यातून पाचवा महिना. मागच्या खेपेला चौथ्यातच सगळं संपलं होतं. या खेपेला बाळ नुकतंच पोटात हलायला लागलं होतं, आणि दीक्षा कोणाला न सांगता दिवसातून दहादा पोटावर हात ठेवून बसायची.

धंतोलीच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच महिन्यात तिचं रक्त तपासून सांगितलं होतं, "तुला लहानपणी कांजिण्या झालेल्या नाहीत. घरात, शेजारात कोणालाही निघाल्या तर त्याच दिवशी मला फोन करायचा. त्याच्यावर इंजेक्शन असतं, पण ते फोड यायच्या आधी द्यावं लागतं. तुझ्या अंगावर आल्यावर मग तुझं आणि बाळाचं, दोघांचंही अवघड होईल. आणि ही स्टेरॉइडची गोळी, आभाळ कोसळलं तरी मनानं बंद करायची नाही. शरीराला तिची सवय झालेली असते. एकदम थांबवली तर माणूस जागच्या जागी कोसळतो."

दीक्षानं जाऊबाईला हाक मारली. चिनूची आई काजल कणकेच्या हातानं धावत आली, तिच्यामागून सासूबाई. भागीरथाबाईंनी नातीच्या पोटाकडे पाहिलं, दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटून म्हणाल्या, "आली वं माय. माता निघाली."

झालं. त्या क्षणापासून ते घर घर राहिलं नाही, मातेचं ठाणं झालं.

तांडापेठेतल्या कोष्ट्यांच्या घरात वाढलेल्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांना सांगितलेलं बरं. घरात माता असली की फोडणी बंद, तळण बंद, केस विंचरणं बंद. दाराला कडुलिंबाचे डहाळे. बाहेरचं कोणी आत नाही, आतलं कोणी बाहेर नाही. नवरा-बायकोनं एका छपराखाली झोपायचं नाही. म्हणून काजलचा नवरा रोहित बुटीबोरीला कंपनीतल्या दोस्ताकडे गेला आणि दीक्षाचा पंकज कळमन्याच्या फळबाजारात, ज्या दलालाकडे तो कामाला होता त्याच्या गाळ्यात, संत्र्यांच्या ढिगाशेजारी. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे औषध नाही. आजारी पोराला तर नाहीच नाही, पण घरातल्या कोणालाच नाही. माता पाहुणी आलेली असते, तिच्यासमोर औषध काढणं म्हणजे तिला चालती हो म्हणणं. मग ती जाते, पण रिकाम्या हातानं जात नाही.

दीक्षा आंघोळीला गेली असताना फ्रिजवरची गोळ्यांची डबी उचलली गेली. बाहेर येऊन पाहते तर जागा रिकामी. समोरच्या खोलीत चिनूला पांढऱ्या चादरीवर निजवलं होतं, उशाशी कलश मांडला होता, आणि कलशापाशी, हळदकुंकवाची बोटं लावलेली, तिची निळी डबी.

"आई, माह्या गोळ्या..." ती दारातूनच म्हणाली.

"मातेच्या पायाशी ठेवल्या," भागीरथाबाई शांतपणे म्हणाल्या. "आता तीच सांभाळते तुले. काळजी करू नोको."

"आई, त्या बंद करता येत नाहीत. डॉक्टरीणबाईनं सांगितलं ना तुमच्यासमोर."

"डॉक्टरीणबाईले काय माहीत घरात कोण येणार आहे म्हणून?"

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. रागाशी भांडता येतं. भागीरथाबाई खडूस सासू नव्हत्या, हीच तर पंचाईत. दीक्षाच्या बोटांचे सांधे सुजायचे तेव्हा त्याच तिला घास भरवायच्या, तिची वेणी घालायच्या. मागच्या खेपेला सगळं संपलं तेव्हा रक्तानं भिजलेल्या चादरी त्यांनी काजललाही हात लावू दिल्या नव्हत्या, एकटीनं धुतल्या होत्या, रडत रडत. त्या बाईनं डबी उचलली होती ती दीक्षाच्या जीवावर उठून नाही, तिचा जीव वाचावा म्हणून.

घराची रचनाही अशी की जणू मुद्दाम केली. समोरच्या खोलीत सासऱ्यांच्या वेळी हातमाग होता. माग कधीच गेला, मागाखालचा खड्डा बुजवून फरशी बसवली, पण बाहेर जायचा रस्ता तोच एक. मागे स्वयंपाकघर, त्याच्यामागे दीक्षाची खोली, त्याच्यामागे मोरी, आणि मोरीच्या मागे शेजाऱ्याची भिंत. गोळ्या हव्या असतील तर त्या खोलीत जा, बाहेर जायचं असेल तर त्याच खोलीतून जा, आणि त्या खोलीत तापानं फणफणलेली पोर श्वासागणिक तोच आजार हवेत सोडत पडलेली. वर मातेला ओलांडून गर्भार बाईनं उंबरा पार करायचा म्हणजे विचारायलाच नको.

तिनं मागच्या खोलीत जाऊन मॅडमला फोन लावला. मॅडमनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "आत्ता निघ. इंजेक्शन मागवून ठेवते. उद्याचा दिवस मी तुला देऊ शकते, परवाचा नाही. आणि गोळी आज घेतलीस का?"

"घेते," दीक्षा म्हणाली. खोटं बोलायचं काय कारण होतं, देव जाणे. डॉक्टरला काय सांगायचं, की माझी सासू देवीला विचारून सांगणार आहे?

मग पंकजला फोन. "तू ये आणि ने मले," ती म्हणाली. पंकज आलासुद्धा, तासाभरात, अंगावर गोणपाटाची धूळ घेऊन. पण दारातल्या डहाळ्यांपाशी भागीरथाबाईंनी हात आडवा केला. "बाहेरचा वारा घेऊन आत येऊ नोको रे. पोट्टी तळमळून राहिली." पंकज पायरीवरच थांबला. बायको आतल्या दारात, नवरा बाहेरच्या पायरीवर, मधे चिनू आणि चिनूवर कडुलिंबाच्या डहाळीनं वारा घालणारी आई. असं त्यांचं बोलणं झालं.

"आई, तिले दवाखान्यात न्या लागते."

"नेजो. माता उतरू दे, थंड नैवेद्य होऊ दे, मंग नेजो."

पंकजनं दीक्षाकडे पाहिलं. "दोन-तीन दिवस थांबता येत नाही का?"

"पंकज, ते इंजेक्शन दोन-तीन दिवसांनी पाण्यासारखं आहे. आणि मी आज गोळी घेतलेली नाही."

"आईले समजावतो ना मी. संध्याकाळी फोन करून समजावतो."

फोन करून! हा पंकज माणूस वाईट नव्हता. गांधीबागेतल्या साड्यांच्या ठोक दुकानात दोघं कामाला असताना तिच्यासाठी तो मालकाशी भांडला होता, घरच्यांशी भांडून लग्न केलं होतं. पण एवढं एक भांडण भांडून त्याचा भांडायचा सगळा कोटाच संपला, असं दीक्षाला अलीकडे वाटायचं. तो पायरीवरून उतरला आणि गाडीला किक मारून निघून गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला तो तिला. "आई ऐकून नाही राहिली गा," असं म्हणाला. बायकोला 'गा' म्हणाला, गड्यामाणसाला म्हणतात तसं, इतका तो गोंधळलेला होता.

आता तुम्ही म्हणाल, बापाला का नाही बोलावलं? बाप इंदोऱ्यात, रेल्वेतून रिटायर झालेला, गाडीवर पंधरा मिनिटांचा रस्ता. प्रेमानंद नुसता आला नसता, दार मोडून आला असता. आणि तिथंच खरी गोम होती.

दीक्षा बौद्धांची. तिच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली, घरातले देव कोनाड्यातून काढले, आणि त्यानंतर त्या घरात ना कोणाच्या अंगात आलं, ना कोणी लिंबू कापलं. प्रेमानंद तर याबाबतीत एवढे कडक, की शेजारणीनं ताप उतरवायला राख दिली तर ती तिच्यासमोर नालीत टाकायचे. त्यांना कोष्ट्यांचा जावई चालला. देव्हाऱ्याचं घर चालवून घ्यायला मात्र त्यांना फार जड गेलं होतं. आणि इकडे भागीरथाबाईंनाही सून जड गेली होती. दोन्हीकडची माणसं बघत होती, की कधी ठिणगी पडते. म्हणून या घरात आल्यापासून दीक्षानं एक पथ्य पाळलं होतं. 'तुमच्यात' आणि 'आमच्यात' हे दोन शब्द तोंडातून निघू द्यायचे नाहीत. गणपतीत ती मोदक वळायची, हात जोडायची नाही, आणि भागीरथाबाईही कधी जोड म्हणाल्या नाहीत. इतकं नाजूक ते सगळं उभं होतं.

आता बाबांना बोलावलं तर? ते विहारातली दोन माणसं घेऊन येणार, ओट्यावर उभं राहून मोठ्यानं बोलणार, आणि सगळी गल्ली म्हणणार, इंदोऱ्याचे लोक मातेला उठवायला आले. आणि देव न करो, चिनूला काही कमीजास्त झालं तर? मग जन्मभर ते दीक्षाच्या नावावर. कांजिण्यांनी झालं, असं कोणी म्हणणार नाही.

बाबांचा रोजचा फोन आला. "आवाज काहून असा येऊन राहिला बेटा?"

"झोपून होती, बाबा."

"गोळ्या घेऊन राहिली ना टाइमावर?"

"हो."

फोन ठेवून ती उशीत तोंड खुपसून रडली. डॉक्टरशी आणि बापाशी खोटं बोलून झालं होतं. खरं ज्यांना माहीत होतं त्यातला एक फोनच्या पलीकडे, आणि दोघी दाराच्या त्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं वळेनात. गुडघ्यात कोणी कढत पाणी ओतल्यासारखं व्हायला लागलं. हे ओळखीचं होतं. ओळखीचं नव्हतं ते पुढचं. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे काळोख, पोटात ढवळून येणं, घोटभर पाणीही न टिकणं. आणि पोट गप्प. ती हात ठेवून बसली, कूस बदलली, थंड पाणी पोटाला लावलं. बाळ हललं नाही. नेहमी सकाळी हलायचं.

भिंतीला धरून ती समोरच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. भागीरथाबाई मातामायच्या देवळात पाणी घालायला गेल्या होत्या, तेवढीच त्यांना मुभा. काजल एकटीच चिनूजवळ. डबी तिच्या हाताशी.

"काजलताई," दीक्षा हळूच म्हणाली, "ती डबी इकडं सरकवा. एक गोळी घेते, परत ठेवून देजा. आईंना कळणार नाही."

काजलनं मान वर केली. तिचेही केस सुटलेले, डोळे झोपेविना लाल. "आईले नाही कळणार. तिले?" असं म्हणून तिनं कलशाकडे पाहिलं.

"ताई, बाळ हलून नाही राहिलं."

काजलचा चेहरा पिळवटला. ती रडायला लागली, पण डबीवर तिनं हात ठेवला, धरून ठेवायला. "मले असं नोको करू दीक्षा. तुह्या पाया पडतो. तुहं अजून पोटात आहे वं. माही डोळ्यांसमोर आहे."

दीक्षा तिच्या जागी असती तर तिनं काय केलं असतं, हा प्रश्न तिला स्वतःलाच विचारावासा वाटला नाही. ती मागे फिरली.

दुपारी मातेची गाणी म्हणायला गल्लीतल्या बायका आल्या. त्यांना तेवढं चालतं, त्या मातेच्याच. पुढे सिंधूताई, जिच्या अंगात दर मंगळवारी यायचं आणि जिचा शब्द भागीरथाबाई खाली पडू द्यायच्या नाहीत. डफावर थाप पडली. दीक्षानं मागच्या खोलीत साडी नीट केली, फोन कमरेला खोचला. मॅडमनी दिलेला दिवस हाच होता. ती ठरवून उठली. सगळ्या बायकांच्या देखत जायचं, डबी उचलायची, मातेला ओलांडायचं, आणि रस्त्यावर जाऊन ऑटो थांबवायचा. नंतर जे व्हायचं ते होवो. चिनूला काही झालं तरी होवो. हे तिच्या मनात आलं, अगदी असंच आलं, आणि ती स्वतःलाच घाबरली. पण चालत राहिली.

समोरच्या खोलीच्या उंबऱ्यात पाय ठेवला आणि जमीन खालून सरकली. गुडघे आपटले. अंगाला दरदरून घाम फुटला आणि मग थरकाप सुटला, असा की दात दातांवर वाजायला लागले. न विंचरलेले केस तोंडावर आले. मान धरता धरेना, ती आपोआप गोल फिरायला लागली.

डफ थांबला. कोणीतरी किंचाळलं, "आली! अंगात आली वं!"

'चक्कर आहे,' असं दीक्षाला म्हणायचं होतं. जीभ हलेना. कपाळावर मुठीनं कुंकू थापलं गेलं. पायांवर पाणी. सिंधूताई मोठ्यानं म्हणत होती, "पाहा, परक्या घरची म्हणत होते ना सगळे? तिच्यातच आली. तिलेच निवडलं." आणि केसांच्या फटीतून दीक्षाला दिसलं, की भागीरथाबाई तिच्यासमोर आडव्या पडल्या आहेत. कपाळ फरशीला. पदर दोन्ही हातांत पसरलेला.

"माय, काय चुकलं वं? लेकरू समजून पोटात घाल. सांग, काय पाहिजे? जे म्हणशील ते देतो."

जे म्हणशील ते. कालपासून आज दुपारपर्यंत दीक्षानं विनवलं, रडली, डॉक्टरचं नाव घेतलं, नवऱ्याला पुढे केलं, आणि या घरातली एक डबी हातभर सरकली नाही. आता तीच बाई पदर पसरून विचारत होती. फक्त ती दीक्षाला विचारत नव्हती.

तोंड मिटून पडून राहिली असती तर त्यांनी तिला उचलून मागच्या खोलीत नेऊन निजवलं असतं, लिंबाच्या पाण्यानं पुसलं असतं, आणि तिथं तिचं आणि बाळाचं जे व्हायचं ते झालं असतं. तिला बाबा आठवले, नालीत राख टाकणारे. मग तिच्या तोंडून आवाज निघाला, घोगरा, दात वाजताना निघतो तसा.

"भागीरथे."

सासूबाईंना आजवर कोणी असं नावानं पुकारलं नसेल. त्यांच्या अंगावर काटा आलेला तिला दिसला.

"माह्या लेकीच्या गोळ्या कोणी उचलल्या?"

"माय, म्या..."

"दे तिले. आत्ता दे. आणि दवाखान्यात ने. जी सुई देतील ती घेऊ दे. मी आहो तिच्या संगं. पोट्टीलेही मीच पाहतो."

भागीरथाबाई उठल्या त्या धावतच. कलशापाशी गेल्या आणि डबीतली गोळी स्वतःच्या हातानं दीक्षाच्या जिभेवर ठेवली, तांब्यातलं पाणी पाजलं. ऑटो कोण घेऊन आलं हे दीक्षाला कळलं नाही. तिला उचलून नेलं ते मातेच्या उशापासूनच, आणि वाटेतल्या बायका हात जोडून बाजूला होत होत्या. ऑटोत भागीरथाबाई तिला धरून बसल्या होत्या, एका हातात कडुलिंबाची डहाळी.

मॅडम जास्त बोलल्या नाहीत. सलाइन लावलं, शिरेतून स्टेरॉइड दिलं, मांडीत ते इंजेक्शन टोचलं. मशीन पोटावर फिरवलं आणि बाळाचे ठोके ऐकवले. दीक्षा ढसाढसा रडली. मॅडम म्हणाल्या, "वेळेत आलीस. पण अजून सुटली नाहीस. पुढचे तीन-चार आठवडे कधीही फोड येऊ शकतात. एक जरी दिसला तरी त्याच तासाला इथं यायचं. आणि गोळ्या बाळंतपणापर्यंत, त्यानंतरही. कळलं का? पुन्हा अशी चूक नको."

बाळंतपणापर्यंत. म्हणजे त्याच घरात, त्याच खोलीच्या मागे, तितके महिने.

भागीरथाबाई रात्रंदिवस तिच्याजवळ होत्या, पण पलंगावर बसल्या नाहीत. खुर्ची होती, तिच्यावरही नाही. खाली फरशीवर बसायच्या. गोळीची वेळ झाली की उठून दोन्ही हातांच्या ओंजळीत गोळी पुढे करायच्या. "घ्या," म्हणायच्या.

"आई, मले 'तुम्ही' काहून म्हणता?" दीक्षानं विचारलं. घास भरवणारी ती बाई तिला हवी होती.

"आता 'तू' म्हणवत नाही वं," भागीरथाबाई म्हणाल्या आणि जीभ चावली. "नाही म्हणवत जी."

काजलचा फोन आला. चिनूचे फोड वाळायला लागले होते. कांजिण्यांचे फोड वाळतातच, पण काजल रडत म्हणाली, "तुमच्यामुळं झालं. तुम्ही पाहतो म्हणाल्या होत्या." गल्लीतल्या बायका नारळ घेऊन घरी येऊन गेल्या होत्या. मंगळवारी दीक्षा माता म्हणून बसणार का, असं सिंधूताईनं विचारलं होतं.

पंकज औषधं आणून द्यायचा आणि पलंगाच्या पायथ्याशी उभा राहायचा. एकदा भागीरथाबाई खाली गेल्या असताना त्यानं कुजबुजत विचारलं, "दीक्षा, खरंच आली होती का?" तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याला हो हवं होतं. मातेनंच सगळं पार पाडलं असेल, तर त्यानं काही का केलं नाही हे कोणी विचारणार नव्हतं. तिला त्याची इतकी चीड आली की तिनं भिंतीकडे तोंड केलं. त्याला तेही उत्तर वाटलं.

सांगून टाकावं असं तिला तासातासाला वाटायचं. मी होते, आई. माझाच आवाज होता. पण मग? मग डबी पुन्हा कलशापाशी जाणार. मग उद्या अंगावर फोड दिसला तर पुन्हा कोणाच्या परवानगीनं उंबरा ओलांडायचा? आणि मातेचं सोंग घेतलं, तेही इंदोऱ्याच्या पोरीनं, हे त्या गल्लीनं कधी विसरलं नसतं.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी दुपारी प्रेमानंद आले. रोजच्या फोनवर दीक्षानं त्यांना दवाखान्याचं सांगितलंच नव्हतं. हातात मोसंब्यांची पिशवी, अंगात पांढरा इस्त्रीचा शर्ट. चेहरा असा की दीक्षाला आधी वाटलं, कोणी गेलं की काय. पंकज त्यांना पाहून पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर सटकला. भागीरथाबाई नेहमीच्या जागी, फरशीवर. गोळीची वेळ झाली होती, ओंजळीत गोळी.

"बाळ बरं आहे?" प्रेमानंदांनी विचारलं.

"बरं आहे, बाबा. हलून राहिलं."

"अस्सं." मग म्हणाले, "तुमच्या तांडापेठेतली एक बाई इंदोऱ्यात आली होती. विहाराच्या बाजूले उभी राहून सांगत होती, प्रेमानंदच्या पोरीच्या अंगात माता आली म्हणून. मी तिले म्हटलं, बाई, तोंड सांभाळ. माह्या घरात साठ-सत्तर वर्षांत कोणाच्या अंगात काही आलं नाही. माह्या पोरीले मी ओळखतो. बरोबर म्हटलं ना मी? लोकांचं काय, लोक काहीही बोलते. मले तुह्या तोंडून आयकायचं आहे, बस. खोटं आहे ना बेटा?"

भागीरथाबाईंची ओंजळ हवेत तशीच थांबली. त्यांनी प्रेमानंदांकडे पाहिलं नाही. त्या दीक्षाच्या तोंडाकडे पाहत होत्या, श्वास रोखून.

दीक्षानं बाबांच्या डोळ्यांत पाहिलं. समजून घ्या, असं तिनं डोळ्यांनी सांगून पाहिलं. पण प्रेमानंद साधा, सरळ माणूस. त्यांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं, डोळ्यांतलं त्यांना वाचता येत नव्हतं. पोटात बाळानं कूस बदलली.

"खरं आहे, बाबा," ती म्हणाली. "आली होती."

भागीरथाबाईंनी डोळे मिटले आणि सुटकेचा निःश्वास टाकला. मग ओंजळ पुढे केली. दीक्षानं गोळी उचलली, तोंडात टाकली, वर पाणी प्यायली. भागीरथाबाई पुढे झुकल्या आणि त्यांनी चादरीबाहेर आलेल्या तिच्या पावलांवर कपाळ टेकवलं. दीक्षानं पाय मागे घेतले नाहीत.

प्रेमानंद पाहत होते. त्यांनी मोसंब्यांची पिशवी टेबलावर ठेवली, नीट, एकही मोसंबं घरंगळू नये अशी. वळून दारापर्यंत गेले, तिथं थांबले, आणि बाहेर उभ्या असलेल्या नर्सला विचारलं, "सिस्टर, इथून बाहेर जायचा रस्ता कोणता?"